नाळ कधी कापायची

तापीच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे आमच्या यावल-चोपडा-शिरपूरच्या पट्ट्यात, बाळंतपण हे गावच्या सुईणीचं काम होतं. बहुतेक गावांत ती मांगाघरची, कुठे न्हाव्याघरची. काम सासूकडून सुनेकडे यायचं. मोबदला ठरलेला असे: सूपभर ज्वारी, गूळ-खोबरं, चोळीचा खण, आणि मुलगा झाला तर लुगडं. मुलगी झाली तरी रात्रभरचं जागरण तेवढंच, पण लुगडं नाही. ज्या घरातल्या बाळाला जगात पहिला हात तिचा लागला, त्या घराच्या चुलीपर्यंत जायची तिला मुभा नव्हती. चहा ओट्यावर, वेगळ्या कपात.

मी जिल्हा परिषदेची नर्स. माहेर शिरपूरकडचं, नोकरीची बरीच वर्षं चोपडा तालुक्यातल्या उपकेंद्रांत गेली. सुईणीला नावं ठेवण्याचं आणि शिकवण्याचं, दोन्ही कामं सरकारनं आमच्याकडेच दिली होती.

तिला शिकवायची हौस इंग्रजांनाही होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेडी कर्झनच्या पुढाकारानं व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ एक शिष्यवृत्ती निधी उभा राहिला, देशी दायांना शिक्षण देण्यासाठी. मला भेटलेल्या म्हाताऱ्या सुईणींपैकी एकीनंही त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. १९५२ पासून समूह विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. पण सुईणीची सरकारदरबारी खरी नोंद झाली ती १९७७ नंतर, हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित दाई हवी असं ठरलं तेव्हा. मग आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून वर्ग भरायचे. बाया पदर डोक्यावर घेऊन बसायच्या आणि आम्ही त्यांच्याकडून पाच स्वच्छता घोकून घ्यायचो: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. शेवटी साबण, पातं, दोरा आणि प्लॅस्टिकचा कागद असलेली पेटी हातात द्यायची.

त्या पाच गोष्टी फालतू नव्हत्या. नाळ विळ्यानं किंवा हाताला लागेल त्या पात्यानं कापायची आणि वर राख, हळद, कुठे शेण लावायचं, अशी रीत होती. धनुर्वाताच्या जंतूची बीजं मातीत आणि शेणात असतात. त्यांना वाढायला हवा नसलेली जागा लागते, आणि वाळत चाललेला नाळेचा तुकडा ही नेमकी तशी जागा. तिथं तयार झालेलं विष मज्जातंतूंमधून वर चढतं आणि जबडा धरतो. म्हणून पहिलं लक्षण ताप नसतो. "बाई, पोऱ्या दूध पेत नही," एवढंच आई सांगायची, आणि ते ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा. हे बहुतेक पहिल्या आठवड्याच्या आसपास व्हायचं. आमच्याकडे पाचव्या रात्री सटवी पुजतात, ती बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून. पाचवी पार पडली की घर सुटकेचा श्वास टाकायचं, आणि पुढे काही झालं तर ते सटवीनं लिहिलेलंच होतं. मला वाटतं, धनुर्वाताची मुदत आपल्या आज्यांना चांगली ठाऊक होती. कारण मात्र त्यांनी देवीच्या नावावर टाकलं होतं. गरोदरपणी आईला दिलेल्या धनुर्वाताच्या लसीनं हे चित्र पालटलं, कारण आईच्या रक्तातली प्रतिकारद्रव्यं वारेतून बाळाला मिळतात. २०१५ साली भारतातून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. आजच्या तरुण डॉक्टरांनी तो आजार पाहिलेलाही नसतो.

पण त्याच नाळेची दुसरी बाजू आहे. सुईण नाळ कशानं कापते याकडे आमचं बारीक लक्ष होतं. ती कधी कापते, याकडे कुणी पाहत नव्हतं. जुन्या सुईणी वार पडेपर्यंत नाळेला हात लावत नसत. बाळ आईच्या पायांशी फडक्यात, आणि नाळ तशीच जोडलेली. दवाखान्यातली रीत त्या काळी उलटी होती: बाळ आलं की लगेच चिमटा आणि कात्री. सुईणीचं थांबणं हा अडाणीपणा समजला जायचा.

आता त्यामागचं शरीरशास्त्र बघा. मुदत भरलेल्या बाळाच्या अंगात जेमतेम पाव लिटर रक्त असतं. जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत वारेतून त्यात ऐंशी ते शंभर मिलिलिटरची भर पडू शकते. त्या रक्तातलं लोह पुढचे काही महिने पुरतं, आणि आमच्याकडच्या आयांच्या अंगात रक्त किती कमी असतं ते पाहिलं तर हे लोह म्हणजे चैन नव्हे. घाईनं नाळ बांधू नये असं चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी १८०१ सालीच लिहून ठेवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्ये सांगितलं, निदान एक मिनिट तरी थांबा.

बाळ रडलं नाही तर काही सुईणी वार निखाऱ्यावर शेकायच्या. त्या उष्णतेनं जीव परत येतो अशी समजूत. त्यानं काही होत असेल असं मला वाटत नाही. बाळाला श्वास हवा असतो, आणि शेकण्यात जाणारा वेळ त्याच श्वासातून वजा होतो. सुईणीचा कैवार घेणारे हा भाग गाळतात.

पाड्यांवर पावरा बायका उकिडव्या बसून, आढ्याला बांधलेला दोर धरून बाळंत होताना मी पाहिल्या आहेत. आमच्या टेबलावर बाईला उताणं निजवायचं. त्यात पोटातल्या बाळाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि कळ देणाऱ्या बाईला चढाकडे जोर लावावा लागतो. टेबल सोयीचं होतं ते आम्हाला, कारण आम्हाला वाकावं लागत नव्हतं.

चिकाची गोष्ट मात्र सुईणीच्या बाजूनं सांगता येत नाही. पहिलं पिवळट दूध पिळून टाकायचं आणि बाळाला गुळाचं पाणी चाटवायचं, यावर सासू आणि सुईण यांचं एकमत असायचं. बाळ लगेच छातीशी लावलं तर आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, पिशवी आवळते, रक्तस्राव कमी होतो. चीक टाकला की हेही गेलं. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये या द्रव्याचा परिणाम दाखवला. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विग्नो यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. पुढे तेच इंजेक्शनच्या बाटलीतून खेड्यात आलं. सायकलवर बॅग लावून फिरणारे अर्धवट डॉक्टर घरातल्या घरात कळा वाढवायची सुई टोचू लागले. कळा इतक्या जोराच्या की बाळ गुदमरायचं, कधी पिशवीच फाटायची. सुईणीचे हात चुकले तरी त्यांना माणसाच्या ताकदीची मर्यादा होती.

मग २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशा आली, पुढे १०८ ची गाडी आली. दवाखान्यात बाळंत झालं तर ग्रामीण भागात सातशे रुपये. सुईणीकडचं येणं-जाणं थोड्याच वर्षांत आटलं. ते आटलं हे बरंच झालं असं मी म्हणेन. बाळंतपणानंतर अंगावर जोरात जायला लागलं तर बाई दोन तासांत जाऊ शकते, आणि सुईणीकडे त्यावर पोट चोळण्यापलीकडे इलाज नव्हता. ज्यांनी ती रात्र पाहिली नाही त्यांनीच जुन्या काळाचे गोडवे गावेत. तसं पाहिलं तर दवाखान्याबरोबर सोनोग्राफीही आली. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली उरल्या होत्या. लुगडं नाकारलेल्या सुईणीनं ती मुलगी निदान जिवंत हातात दिली होती.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं प्रसविकांचा अठरा महिन्यांचा नवा अभ्यासक्रम आखला. बाईला हवं तसं बसू द्या, तिच्याजवळ तिचं माणूस राहू द्या, नाळ घाईनं कापू नका, असं त्यात शिकवतात. प्रवेशाला नर्सिंगची पदविका किंवा पदवी लागते. ज्या सुईणींना मी पाच स्वच्छता घोकायला लावल्या त्यांच्या नाती आता ती पदविका घेतात. त्यांतली एक धुळ्याला शिकते. तिला मी या अभ्यासक्रमाचं सुचवून पाहिलं, तुझ्या आजीचा हात तुला असेल म्हटलं. ती म्हणाली, "नको मावशी, मला ऑपरेशन थिएटरला जायचंय. बाळंतपणात रात्रपाळी फार."