पानावरच्या इवल्याशा वाट्या : पालापाचोळ्यातली बुरशी कशी ओळखायची?

पालघर : पावसाळ्यात बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या एखाद्या वाडीत किंवा मनोर-जव्हारकडच्या रानात सागाचं कुजकं पान उलटून पाहिलं, की कधी कधी त्यावर पांढरे, पिवळसर नाहीतर तपकिरी ठिपके दिसतात. भिंगाखाली धरले की कळतं, हे ठिपके नाहीत, एक-दोन मिलिमीटरच्या वाट्या आहेत. ही वाटी-बुरशी, म्हणजे इंग्रजीतली कप फंगस.

वाडीवाल्याला पहिली शंका येते ती रोगाची. चिकू-आंब्याखालच्या पाचोळ्यावर अशा वाट्या दिसल्या म्हणून लगेच फवारणी करायची गरज नसते. यातल्या बहुतेक बुरशा मेलेलं पान कुजवून त्याचं खत करतात. झाडावरच्या हिरव्या पानावर डाग पडत असतील तर ती वेगळी गोष्ट, तिथे कृषी सहायकाला पान दाखवावं.

मात्र सगळ्याच वाट्या निरुपद्रवी असतात असंही नाही. युरोपात अ‍ॅश नावाची झाडं मोठ्या प्रमाणावर वाळली. ती वाळवणारी बुरशी गळून पडलेल्या पानांच्या देठांवर बारीक पांढऱ्या वाट्या धरते. पंचाईत अशी, की अगदी तशाच दिसणारी तिची एक निरुपद्रवी बहीण तिथे आधीपासूनच होती. नुसत्या डोळ्यांनी दोघी वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून फोटो पाहून कोणी छातीठोकपणे नाव सांगितलं, तर जरा सबुरीनं घ्यावं.

ओळखीची सुरुवात पानापासून होते. पान साग, ऐन, पळस की आंब्याचं, वाटी वरच्या बाजूला की खालच्या, शिरेवर की देठावर, हे आधी लिहून ठेवायचं. बऱ्याच बुरशा ठरावीक झाडाच्याच पानावर येतात, त्यामुळे झाडाचं नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं. मग दहापट भिंगातून वाटीला दांडी आहे का, काठावर केस आहेत का ते पाहायचं. बाहेरून पांढरी लव आणि खाली बारीक दांडी असेल, तर ती लॅक्नम गटातली असण्याची शक्यता असते. रंग ताज्या वाटीचाच नोंदवावा, सुकल्यावर तो बदलतो आणि वाटीही मिटते.

फसवणारेही आहेत. वाटीत मसुरीच्या आकाराची बारीक 'अंडी' दिसली तर ती पक्ष्याच्या घरट्यासारखी दिसणारी सायथस बुरशी. कूळच वेगळं. पावसाचा थेंब पडला की तिची अंडी उडून लांब पडतात. वाटी-बुरशीत मात्र आतल्या थरात नळीसारख्या सूक्ष्म पिशव्या असतात, एकेका पिशवीत बहुधा आठ बीजाणू. पक्कं नाव ठरतं ते या बीजाणूंच्या आकारावरून आणि आयोडीन लावल्यावर पिशवीचं टोक निळं होतं का यावरून, म्हणजे सूक्ष्मदर्शक लागतोच.

नमुना प्लास्टिकच्या पिशवीत भरू नये, घामटतो आणि सडतो. कागदी पाकिटात सावलीत सुकवून वर गाव, तारीख आणि झाड लिहावं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीच्या सुकवलेल्या नमुन्यांचा अजरेकर संग्रह आहे. नमुन्याला तिथे किंमत येते ती या चिठ्ठीमुळे.

खाण्याचा प्रश्न इथे येत नाही. पावसाळ्यातल्या अळंब्यांशी या वाट्यांचा संबंध नाही. हाताळल्यावर हात धुवावेत.

शोधायला पावसाची उघडीप बरी. राबासाठी पाचोळा गोळा करून जाळलेल्या जागी मात्र पानावरच्या या वाट्या सापडत नाहीत. ओढ्याकाठचा, सावलीतला, दोन पावसाळे पडून राहिलेला थर आधी उलटून पाहावा.