बांगडीची साक्ष

शीळफाट्याला कल्याणची बस धरायला उभा असलो की एखाद्या शुक्रवारी गाड्यांच्या रांगेतून जोगवा मागत येणारी जोगती दिसते. हिरवे लुगडे, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. आवाज मात्र पुरुषी. कोपऱ्यावरचा फळवाला तिला 'मावशी' म्हणतो, परडीत नाणे टाकतो आणि भंडारा लावून घ्यायला कपाळ पुढे करतो. तेवढ्यात शेजारच्या गाडीची काच वर जाते. पुरुष म्हणून जन्मनोंद झालेल्या माणसाला 'मावशी' हे नाते कोणी दिले, हा प्रश्न मला सौंदत्तीपर्यंत घेऊन गेला.

बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुका-यल्लम्माचे ठाणे आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी घरांची ती देवी. मुलाची चाल-बोली बायकी वाटू लागली, केसांत जट आली किंवा दुखणे हटेना, की 'देवीने धरले' असे म्हणत. मग गळ्यात मण्यांचे 'दर्शन' बांधले जाई; लुगडे, चोळी, हिरवा चुडा चढे. असा तो जोगता होई. शरीरावर शस्त्र चालवणे हा या दीक्षेचा भाग नाही. बहुचरा मातेच्या नावाने होणाऱ्या हिजड्यांच्या निर्वाण विधीपेक्षा ती इथे वेगळी आहे.

ही ओळख एकदा मिळून संपत नाही. जमदग्नी मारले गेले आणि रेणुका विधवा झाली, म्हणून मार्गशीर्षातल्या 'रांडाव पुनवे'ला जोगतिणींबरोबर जोगतेही बांगड्या फोडतात. माघातल्या 'अहेव पुनवे'ला देवीचे सौभाग्य परतते, तेव्हा चुडा पुन्हा भरला जातो. तमिळनाडूत कूवागमला अरावानाशी लग्न लावून दुसऱ्या दिवशी वैधव्य घेणाऱ्या तृतीयपंथीयांची रीत याच्या जवळची आहे. स्त्रीपण नुसते नटण्यातून सिद्ध होत नाही, स्त्रीचे दुःखही चारचौघांत अंगावर घ्यावे लागते, असे हे विधी सांगतात.

मात्र या मान्यतेला किंमत होती. जोगत्याच्या पाया पडणारे गाव त्याला संसार देत नसे. त्याच्या वाट्याला परडी येई. शिवाय ज्याच्या मनाने आधीच कौल दिला होता, त्याला दर्शनाने आधार दिला. ज्याला केवळ जटेवरून देवीला सोडले, त्याला तेच गळफास झाले. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' आणि 'चौंडकं' या कादंबऱ्यांनी हे जग मराठीत आणले. त्यांवर आधारलेल्या 'जोगवा' (२००९) चित्रपटातला तायप्पा असाच मनाविरुद्ध लुगडे नेसवलेला आहे.

कायद्याला मात्र हा माणूस दिसलाच नाही. मुंबई इलाख्याच्या १९३४ च्या कायद्यातली देवदासी स्त्रीच होती, कर्नाटकाच्या १९८२ च्या कायद्यातलीही. सत्तरच्या दशकापासून गडहिंग्लज-निपाणी भागात चळवळ उभी राहिली, तिचाही मुख्य रोख जोगतिणींच्या सुटकेवर होता, आणि तो रास्तच होता. पण सक्तीने सोडलेला जोगता आणि मनाने झालेला जोगता, दोघेही त्या मांडणीच्या कडेला राहिले.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने ओळखीचा दाखला देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले. विधीत माणसाचा स्वतःचा होकार अनेकदा विचारलाच जात नसे. न्यायालयाने पहिला मान त्यालाच दिला, ही मोठी गोष्ट आहे. तरी दाखल्यावरचा शिक्का पाहून कोणी 'मावशी' म्हणत नाही. विधीने चारचौघांची साक्ष दिली होती, ती कागदाला देता येत नाही.

मला परडी परत नको आहे, आणि मुलांना देवीला सोडणे तर नकोच. फक्त शीळफाट्यावरच्या फळवाल्याने सहज दिलेले ते नाते भंडारा न लावताही मिळावे, घर भाड्याने घेताना आणि नोकरी मागतानाही मिळावे. बस येते. मावशी पुढच्या गाडीकडे गेलेली असते.