दीर्घकालीन विषाणूजन्य यकृतशोथ आणि मधुमेह

दीर्घकालीन विषाणूजन्य यकृतशोथ आणि मधुमेह हे दोन स्वतंत्र विकार असले, तरी ते एकाच रुग्णात एकत्र आढळण्याचे प्रमाण निव्वळ योगायोगाने जितके असावे त्याहून अधिक आहे. हा संबंध मुख्यत्वे यकृतशोथ 'क' (हिपॅटायटिस सी) आणि मधुमेहाचा दुसरा प्रकार यांच्यात दिसतो. यकृतशोथ 'ब' (हिपॅटायटिस बी) याच्याबाबत पुरावा संदिग्ध आहे. हा संबंध दुहेरी आहे. विषाणूमुळे रक्तशर्करेचे नियमन बिघडते आणि मधुमेह असल्यास यकृताची हानी अधिक वेगाने होते.

संज्ञा

व्यवहारात यकृतशोथाला सरसकट 'कावीळ' म्हटले जाते. कावीळ हे वास्तविक एक लक्षण असून रक्तातील बिलिरुबिन वाढल्याने डोळे व त्वचा पिवळी दिसतात. संसर्ग सहा महिन्यांहून अधिक काळ टिकला की तो दीर्घकालीन मानला जातो. अशा संसर्गात डोळे कित्येक वर्षे पिवळे होत नाहीत. रुग्ण स्वतःला निरोगी समजत असतो आणि रोगाचा पत्ता अनेकदा रक्तदानाच्या वा शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत लागतो. 'क' विषाणूचा संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ७० टक्के व्यक्तींमध्ये तो दीर्घकालीन होतो. 'ब' विषाणूचे याउलट आहे. प्रौढपणी झालेला संसर्ग बहुधा आपोआप संपतो, तर जन्मतः किंवा अर्भकावस्थेत झालेला संसर्ग दहांपैकी नऊ बालकांत टिकून राहतो.

निरीक्षणांचा इतिहास

यकृत निबर होऊन आकसण्याच्या अवस्थेत, म्हणजे सिरोसिसमध्ये, रक्तशर्करा वाढते हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्यामुळे यकृतशोथाच्या रुग्णातील मधुमेहाचे खापर सिरोसिसवरच फोडले जाई. १९८९ मध्ये 'क' विषाणूची ओळख पटली आणि त्याच्या प्रतिपिंडांची चाचणी उपलब्ध झाली, तेव्हा प्रथमच कारणांनुसार रुग्णांची तुलना करता आली. इंग्लंडमधील केंब्रिज येथील संशोधकांनी १९९४ मध्ये सिरोसिसच्या रुग्णांची अशी तुलना केली. 'क' विषाणूमुळे सिरोसिस झालेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना मधुमेह होता, इतर कारणांनी सिरोसिस झालेल्यांत मात्र हे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. दोन्ही गटांत यकृत आकसलेलेच होते. त्यामुळे केवळ सिरोसिस हे स्पष्टीकरण अपुरे ठरले.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणातील ९,८४१ व्यक्तींच्या माहितीवर आधारित अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. चाळिशी ओलांडलेल्या 'क' संसर्गितांत दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असण्याची शक्यता तिपटीहून अधिक आढळली, तर 'ब' विषाणूबाबत असा संबंध दिसला नाही.

मात्र हा विषय तेथे मिटला नाही. याच सर्वेक्षणाच्या १९९९ ते २०१० या काळातील माहितीचे २०१४ मध्ये विश्लेषण झाले, तेव्हा 'क' संसर्ग आणि मधुमेह यांचा थेट संबंध आढळला नाही. यकृतविकरांची (यकृतातील एन्झाइमांची) वाढलेली पातळी आणि मधुमेह यांचा संबंध मात्र आढळला. म्हणून विषाणूचा वाटा किती आणि यकृताच्या दाहाचा किती, हा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण सुमारे पावणेदोन पट धोका दर्शवते. प्रारंभीच्या आकड्यांपेक्षा हा अंदाज अधिक विश्वासार्ह मानावा लागेल, कारण रुग्णालयातील रुग्णांवर आधारलेल्या पाहण्यांत आजार पुढे गेलेल्यांचा भरणा असतो.

विषाणू शर्करेचे नियमन कसे बिघडवतो

जेवणानंतर आतड्यांतून शोषलेली शर्करा आणि स्वादुपिंडातून स्रवलेले इन्सुलिन ही दोन्ही यकृतवाहिनीतून (पोर्टल शिरेतून) प्रथम यकृतात येतात. यकृत शर्करेचा काही भाग ग्लायकोजेनच्या रूपात साठवते आणि उपाशीपोटी ती परत रक्तात सोडते. ही सोडण्याची क्रिया इन्सुलिन आवरून धरते. यकृताच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की रक्तात शर्करा असूनही यकृत आणखी शर्करा ओतत राहते. या स्थितीला इन्सुलिन-रोध म्हणतात.

'क' विषाणू हा रोध दोन मार्गांनी निर्माण करतो. त्याच्या गाभ्यातील प्रथिन इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आत नेणाऱ्या मध्यस्थ प्रथिनांचा नाश घडवून आणते. दुसरीकडे, संसर्गाविरुद्धच्या दाहात तयार होणारा टीएनएफ-अल्फा हा घटक तोच संदेश मध्येच अडवतो. जपानमधील संशोधकांनी २००४ मध्ये केवळ हे गाभ्याचे प्रथिन निर्माण करणारे जनुकबदल केलेले उंदीर तपासले. त्यांच्यात इन्सुलिन-रोध आढळला आणि जादा चरबीयुक्त आहार दिल्यावर उघड मधुमेह झाला. स्थूलता, अनुवंश वा बैठी जीवनशैली यांवर बोट ठेवता येणार नाही असा हा प्रयोग असल्याने त्याला विशेष महत्त्व आहे. विषाणू बहुधा जमीन तयार करतो आणि आहार व स्थूलता तीत रोग रुजवतात, असा त्याचा अर्थ लावता येतो.

हा रोध यकृतापुरता मर्यादित राहत नाही. विषाणूची वाढ प्रामुख्याने यकृतात होत असूनही स्नायूंची शर्करा शोषण्याची क्षमता घटते. शिवाय विषाणूच्या जनुकप्रकारानुसार परिणाम बदलतो. १ व ४ या प्रकारांत इन्सुलिन-रोध अधिक दिसतो. भारतात अधिक आढळणाऱ्या ३ या प्रकारात यकृतात चरबी साचणे हा ठळक परिणाम असतो.

मधुमेहाचा यकृतावर परिणाम

मधुमेह असलेल्या 'क' संसर्गितांत यकृतात तंतुमय ऊती लवकर वाढतात आणि यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. इंटरफेरॉनच्या काळात अशा रुग्णांना उपचारांचा गुणही कमी येई. खुद्द इंटरफेरॉनमुळे क्वचित पहिल्या प्रकारचा मधुमेह उद्भवत असे, हा त्या उपचाराचा आणखी एक जाच होता.

संबंधाची दुसरी वाट सुईची आहे. मधुमेही व्यक्तीला वारंवार बोट टोचून घ्यावे लागते. टोचणी, इन्सुलिन पेन किंवा न पुसलेला ग्लुकोमीटर एकाहून अधिक जणांसाठी वापरला गेल्यास 'ब' विषाणू सहज पसरतो. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस टिकतो. पेनची सुई बदलली तरी पेनच्या आत रक्ताचा अंश मागे शिरू शकतो, त्यामुळे 'नवी सुई लावली आहे' हे समर्थन पुरेसे नाही. अमेरिकेतील वृद्धनिवासांत अशा साथी वारंवार उद्भवल्यावर तेथील लसीकरण सल्लागार समितीने २०११ मध्ये १९ ते ५९ वयोगटातील, लस न घेतलेल्या सर्व मधुमेहींना 'ब' ची लस देण्याची शिफारस केली. भारतात ही लस नवजात बालकांना दिली जाते, परंतु आज मध्यमवयात असलेल्या बहुतेक मधुमेहींना ती बालपणी मिळालेली नसते. 'क' विषाणूवर लस उपलब्ध नाही.

निदानातील अडचणी

सिरोसिसमुळे होणाऱ्या मधुमेहात उपाशीपोटीची शर्करा पुष्कळदा सामान्य असते आणि जेवणानंतरची मात्र फार वाढते. त्यामुळे केवळ उपाशीपोटीच्या चाचणीत रोग निसटतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी येथे फसवी ठरू शकते. प्लीहा वाढल्याने किंवा रिबाव्हिरिन या औषधामुळे लाल रक्तपेशी अकाली नष्ट होतात आणि आकडा खोटा कमी येतो.

महाराष्ट्रात काविळीच्या रुग्णाला उसाचा रस व ग्लुकोजचे पाणी देण्याची घरगुती पद्धत आहे. तिने विषाणूचा नायनाट होत नाही आणि मधुमेह असलेल्या रुग्णाची शर्करा मात्र धोकादायकरीत्या वाढते.

उपचार

सोफोसबुव्हिर हे औषध २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता पावले. तेव्हापासून थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्यांनी, बहुधा १२ आठवड्यांत, ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण 'क' संसर्गातून बरे होतात. विषाणू गेल्यानंतर अनेक मधुमेहींची शर्करा सुधारते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या २०१७ मधील अभ्यासात, उपचारापूर्वी एचबीए१सी वाढलेले असलेल्यांपैकी विषाणूमुक्त झालेल्यांत ते सरासरी ०.९८ ने, तर उपचार निष्फळ ठरलेल्यांत ०.६५ ने घटले. हा फरक लहान आहे. त्यावरून मधुमेह 'बरा होतो' असे म्हणता येत नाही आणि वर्षानुवर्षे इन्सुलिन घेणाऱ्याला तशी आशा दाखवणे योग्य नव्हे.

या सुधारणेची एक धोक्याची बाजू आहे. इन्सुलिनची वा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांची जुनीच मात्रा चालू राहिली, तर शर्करा एकाएकी खाली येऊन चक्कर, घाम व बेशुद्धी येऊ शकते. म्हणून उपचाराच्या पहिल्या महिन्यांत शर्करा वरचेवर तपासून मात्रा बदलावी लागते. मेटफॉर्मिन सौम्य यकृतविकारात चालते, परंतु जलोदर वा मेंदूवर परिणाम होण्याइतके यकृत निकामी झाले असल्यास रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याच्या भीतीने ते टाळतात.

सार्वजनिक आरोग्य

दोन्ही रोगांचा एकत्र विचार इजिप्तने मोठ्या प्रमाणावर केला. तेथे १९५० ते १९८० च्या दशकांत शिस्टोसोमियासिस या कृमिरोगावर सामुदायिक इंजेक्शने देताना अपुऱ्या निर्जंतुक केलेल्या सुया वापरल्या गेल्या आणि 'क' विषाणू देशभर पसरला. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या काळात सुमारे ५ कोटी प्रौढांची या विषाणूसाठी चाचणी झाली. त्याच ठिकाणी रक्तशर्करा व रक्तदाबही मोजण्यात आले. सुमारे २२ लाख व्यक्तींमध्ये प्रतिपिंडे आढळली.

भारतात राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्याअंतर्गत 'ब' व 'क' यांचे निदान आणि औषधे सरकारी उपचार केंद्रांत विनामूल्य मिळतात.