जन्मटिपण

आपल्याकडे घरांत मूल जन्मास आलें म्हणजे कोणी तरी वडील मनुष्य तत्काळ घड्याळाकडे पाहून वेळ टिपून ठेवीत असे. त्या टिपणावरून पुढें पत्रिका मांडावयाची, तेव्हां त्यांत पळाचीही चूक होऊं नये म्हणून केवढी दक्षता! मुलाचें वजन किती भरलें, तें अंगावर किती दिवस प्यालें, पहिल्या वर्षांत त्याला कोणकोणतीं दुखणीं झालीं, ह्यांचें टिपण मात्र जुन्या कागदांत क्वचितच आढळेल. इंग्लंडांतील हर्टफर्डशर परगण्यांत १९११ सालापासून नेमक्या ह्याच गोष्टी वह्यांत उतरून ठेवण्याचा क्रम चालू झाला. आणि जवळजवळ पाऊणशें वर्षांनीं त्या वह्या उघडल्या, तेव्हां वैद्यकशास्त्राला आपल्या कांहीं ठाम समजुती पुन्हा तपासून पाहाव्या लागल्या.

हा उद्योग निव्वळ दयाबुद्धीनें सुरू झाला असें मात्र कोणी समजूं नये. बोअर युद्धाच्या वेळीं (१८९९–१९०२) सैन्यांत नांव घालावयास आलेल्या तरुणांपैकीं पुष्कळजण खुजे व रोगट म्हणून परत पाठवावे लागले होते, आणि साम्राज्य राखावयास धडधाकट माणसें पुढें मिळणार कोठून, ही राज्यकर्त्यांना काळजी पडली होती. १९०४ सालीं ह्या शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तान्ह्या मुलांच्या मृत्यूंकडे सरकारचें लक्ष गेलें तें असें तोफांच्या वाटेनें! हेतु कसाही असो, हर्टफर्डशरमध्यें एथेल मार्गारेट बर्नसाइड ह्या बाईंची सुइणींवरील देखरेखीसाठीं व मुख्य आरोग्य-परिचारिका म्हणून नेमणूक झाली, आणि त्यांनीं तें काम नुसतें कागदोपत्रीं राहूं दिलें नाहीं. सुइणीनें मूल जन्मतांच तोलावयाचें. परिचारिकेनें वर्षभर वेळोवेळीं घरीं जाऊन मूल आईचें दूध पितें कीं बाटलीचें, आजारी पडलें काय, वाढ कशी आहे, हें पाहावयाचें. वर्ष भरतांच पुन्हा तोलावयाचें. आणि तें सगळें वहींत लिहावयाचें, असा शिरस्ता पडला. दोन महायुद्धें आलीं आणि गेलीं, तरी वह्या १९४८ पर्यंत चालू होत्या. मग त्या दप्तरांत जाऊन पडल्या.

त्या बाहेर निघाल्या त्या साउदॅम्प्टन येथील डॉ. डेव्हिड बार्कर ह्यांच्यामुळें. हृदयविकार हा सुखवस्तूंचा रोग, लोणी-मांस, तंबाखू व बैठें काम ह्यांचें फळ, अशी त्या काळीं सर्वसाधारण समजूत होती. पण इंग्लंड व वेल्सचा नकाशा पाहतां हा रोग गरीब भागांतच अधिक माणसें नेत होता. बार्कर व त्यांचे सहकारी क्लाइव्ह ऑस्मंड ह्यांनीं १९८६ सालीं दोन काळांचे आकडे शेजारीं शेजारीं मांडले: १९२१ ते १९२५ ह्या वर्षांत कोठें किती तान्हीं मुलें दगावलीं, आणि १९६८ ते १९७८ ह्या काळांत कोठें किती माणसें हृदयविकारानें गेलीं. जेथें पहिला आकडा मोठा, तेथें बहुधा दुसराही मोठाच. मग जीं मुलें त्या वाईट वर्षांतून वांचलीं, त्यांच्या शरीरावर त्या वर्षांनीं कांहीं खूण ठेवली होती काय? प्रांतांच्या बेरजांवरून ह्याचें उत्तर मिळण्यासारखें नव्हतें. त्याला एकेका मुलाची नोंद पाहिजे होती. ती शोधतां शोधतां हर्टफर्डशरच्या वह्या हातीं लागल्या.

प्रथम हिशेब झाला तो पुरुषांचाच. मुलींचीं नांवें लग्नांत बदललेलीं, त्यामुळें त्यांचा माग लागणें कठीण. त्यांची पाळी मागाहून आली. १९११ ते १९३० ह्या सालांत परगण्याच्या सहा भागांत जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचें पुढें काय झालें तें शोधून १९८९ सालीं निष्कर्ष छापला गेला. सर्व देशाचें प्रमाण १०० धरलें, तर वर्षाचे असतांना १८ पौंड किंवा त्याहून कमी भरलेल्यांत हृदयविकाराच्या मृत्यूंचें प्रमाण १११ होतें. २७ पौंड किंवा अधिक भरलेल्यांत तें अवघें ४२! दोन वर्षांनीं मधुमेहाच्या बाबतींतही असाच संबंध दिसून आला. ह्यावर बार्कर व त्यांचे सोबती ह्यांनीं तर्क केला तो असा: गर्भाला पोषण अपुरें पडलें म्हणजे तो मेंदूला आधीं जपतो व बाकीच्या इंद्रियांची काटकसर करतो. दुष्काळांत गृहिणी लेंकरांपुढें भाकरी ठेवून आपलें पान रिकामें ठेवते, त्यांतलाच हा प्रकार. आणि ह्या उपासाचा जाब शरीर पन्नाशी-साठींत विचारतें.

आक्षेप निघाले, व ते रास्त होते. गरिबाच्या घरीं जन्मलेला मुलगा बहुधा गरिबींतच वाढतो. मग दोष पाळण्यांतल्या वर्षांचा कीं पुढच्या पन्नास वर्षांचा? जन्म आणि मृत्यु ह्यांच्यामधलीं पानें कोरीं असतील तोंवर हा वाद मिटणें अवघड. तीं पानें भरण्याचें काम इंग्लंडांतच दुसरीकडे चाललें होतें. १९४६ च्या मार्चच्या ३ ते ९ तारखांच्या आठवड्यांत ब्रिटनमध्यें जीं मुलें जन्मलीं, त्यांच्या १३,६८७ मातांना डॉ. जेम्स डग्लस ह्यांच्या वतीनें प्रश्न विचारण्यांत आले. मूळ प्रश्न बाळंतपणाच्या सोयींचा व खर्चाचा. जन्मसंख्या घटत आहे ही चिंता त्यामागें होती. पण त्यांतील ५,३६२ मुलांची पाठ पुढें सोडलीच नाहीं. त्यांची शाळा, धंदा, रक्तदाब, श्वास, शेवटीं स्मरणशक्तिही पाहिली गेली, आणि २०१६ सालीं हीं मुलें सत्तर वर्षांचीं झालीं! सोळा वर्षें पुरीं झाल्यापासून त्यांना दर वर्षीं वाढदिवसाचें कार्ड जात असे. माणसें पिढ्यान् पिढ्या शास्त्राला जखडून राहतात तीं नुसत्या आकड्यांच्या आवडीनें नव्हे, हें त्या कार्डांवरून कळतें. कमी वजनाच्या मुलांचा रक्तदाब पुढें अधिक असतो, हें येथेंही आढळलें. मात्र मोठेपणींचें राहणीमान व स्थूलता ह्यांचाही वांटा त्यांत मोठा होता. जन्माचें वजन म्हणजे ललाटलेख नव्हे.

हा प्रश्न आपल्या दाराशीं आला तो पुण्यांत. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्यापुढें कोडें होतें तें असें कीं, आपल्या लोकांना मधुमेह होतो तो तरुणपणीं, आणि तोही पुष्कळदां कृश दिसणाऱ्यांना. साउदॅम्प्टनच्या मंडळींच्या सहकार्यानें त्यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम आरंभिलें, आणि तें मूल जन्मण्याच्याही आधींपासून. विवाहित स्त्रियांकडे दर महिन्याला कार्यकर्त्या जात, पाळीची तारीख विचारीत, आणि दिवस राहिले कीं आहार व कष्ट ह्यांची नोंद सुरू होई. ह्या स्त्रियांचें सरासरी वजन सुमारें ४२ किलो, व त्यांच्या मुलांचें २.७ किलो; इंग्लंडांतील मुलें सरासरी ३.५ किलोचीं. पण तुलना करतां एक विलक्षण गोष्ट दिसली. आपलें बाळ हातापायांनीं, पोटानें, सर्वच मापांनीं लहान. कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें मुळींच कमी नाहीं. वरून रोड, आंतून मेदाळ, असें तें पाळण्यांतच असतें. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, दूध व फळें अधिक खात, त्यांचीं मुलें मोठीं भरत. दोनतृतीयांश स्त्रियांत ब-१२ ह्या जीवनसत्त्वाची उणीव होती.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. असल्या निष्कर्षांवरून सुनेला बोल लावण्याची संवय आपल्या घरांतून लवकर लागते: 'तूं नीट खाल्लें नाहींस, म्हणून नातू असा.' त्या खेड्यांतील स्त्रिया दिवस भरत येईपर्यंत शेतांत राबत होत्या. त्यांच्या ताटांत दूध व फळें कमी पडलीं तीं आवड नसल्यामुळें नव्हे. शिवाय ४२ किलोंची आई ही स्वतःही कधीं तरी कमी वजनाची मुलगीच असते; हिशेब मागें न्यावयाचा तर तो तिच्या आईपर्यंत, आजीपर्यंत नेला पाहिजे.

ह्याच विचारानें २०१२ सालीं पुढचें पाऊल पडलें. त्या सहा खेड्यांत जन्मलेलीं मुलें-मुली तोंवर अठराच्या आसपास पोंचलीं होतीं. त्यांना ब-१२ च्या गोळ्या देऊन त्यांच्या होणाऱ्या अपत्यांवर कांहीं परिणाम होतो कीं काय, हें पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. त्या मुलींपैकीं कित्येकींचीं बाळंतपणें आतां होऊन गेलीं आहेत. नवें बाळ तोलतात, आणि त्याचा आकडा आईच्या आकड्याशेजारीं बसतो. त्याच्याही वर १९९३ सालीं प्रथम वजनकांट्यावर उभ्या राहिलेल्या आजीचा आकडा आहे.