सहाशे कातडी आणि चढती नदी

एप्रिल १८४७. मोसूलच्या खाली, निमरूद या प्राचीन अश्शूरी नगरीच्या उकिरड्यासारख्या दिसणाऱ्या टेकाडापाशी तीस वर्षांचा ऑस्टिन हेन्री लेयार्ड तैग्रिस नदी चढण्याची वाट पाहत होता. टेकाडातून त्याने एक बैल आणि एक सिंह काढला होता. दोघांना पंख, दोघांना दाढीवाल्या माणसाचं तोंड, आणि वजन कित्येक टन. ते न्यायचे होते लंडनला. काठाने धड रस्ता नव्हता. होती ती मेंढ्या-बकऱ्यांची फुगवलेली कातडी, एकेका मूर्तीच्या तराफ्याला सहाशे. पाणी जरासं चढलं, तशा मूर्ती घसरवत तराफ्यांवर घेतल्या, आणि २२ एप्रिलला दोन्ही तराफे प्रवाहाला लागले.

मला या प्रकरणात ओढलं ते पुढच्या वाटेने. लेयार्डने पाठवलेले बरेच दगड बसऱ्याहून थेट इंग्लंडला जात नसत, ते आधी मुंबईला येत. निमरूदलाच सापडलेला, अश्शूरी राजा शल्मनेसरचा तो प्रसिद्ध काळा स्तंभ मुंबईकरांनी ब्रिटिश म्युझियमच्या आधी पाहिला. इथे काही खोकी उघडली गेली, सामानाची सरमिसळ झाली, आणि लेयार्ड त्यावर पुढे बराच चिडला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही निमरूदचे शिल्पपट आहेत. ते निमरूदहून निघाले कसे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एवढाले दगड तिथून मुंबईकडे हलवायला कातड्यांच्या तराफ्याशिवाय दुसरं सोयीचं वाहन नव्हतं.

गंमत अशी की निमरूदच्याच राजवाड्यातल्या एका शिल्पपटात अश्शूरी राजा दुसऱ्या अशुरनासिरपालच्या काळचे, म्हणजे इसवी सनापूर्वी नवव्या शतकातले, लोक फुगवलेल्या कातड्यांना मिठी मारून नदी पोहत आहेत, आणि पोहता पोहता तोंडाने कातड्यात हवा भरत आहेत. म्हणजे ज्या वस्तूचं चित्र दगडात कोरलं होतं, तीच वस्तू सत्तावीसशे वर्षांनी त्या राजवाड्याचे दगड वाहून नेत होती, आणि तिचं तंत्र जवळजवळ बदललेलं नव्हतं.

आता माझा दावा. वसंतात बर्फ वितळून नदी फुगते तेव्हा हवेच्या तराफ्यावर बसून तिच्या लोंढ्याबरोबर खाली जाणं, ज्याला आज व्हाइटवॉटर राफ्टिंग म्हणतात, त्याचं कूळ अमेरिकेत शोधलं जातं. ते तैग्रिसवर शोधायला हवं.

अमेरिकेची वंशावळ सगळ्यांना पाठ आहे, म्हणून झटपट उरकतो. १८४२ मध्ये जॉन फ्रेमाँटने होरेस डे नावाच्या रबर-कारखानदाराकडून हवेच्या कप्प्यांची बोट करून घेतली. १८६९ मध्ये एका हाताचा जॉन वेस्ली पॉवेल लाकडी होड्यांतून कोलोराडो नदीच्या महादरीतून गेला. १८९० च्या दशकात नेथॅनिएल गॅलोवेने रॅपिडकडे पाठ करण्याऐवजी तोंड करून वल्हवण्याची रीत रूढ केली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे रबरी तराफे स्वस्तात विकायला निघाले, आणि जॉर्जी व्हाइट या बाईने ते एकमेकांना बांधून हौशी प्रवाशांना दरीतून न्यायला सुरुवात केली. झालं.

या यादीतलं पहिलं नाव मला सर्वांत लंगडं वाटतं. फ्रेमाँटची बोट वीस फूट लांब, पाच फूट रुंद होती आणि आत हवाबंद कप्पे होते, हे खरं. पण ती प्लॅट नदीच्या घळीत उतरली ऑगस्टच्या अखेरीस. रॉकी पर्वतातला बर्फ वितळण्याचा भर तिथे साधारण जूनमध्ये असतो. ऑगस्टमध्ये पाणी उतरलेलं, खडक उघडे पडलेले. बोट उलटली, उपकरणं आणि टिपणं वाहून गेली. म्हणजे हवेची बोट होती, पण नदीच्या ऋतूशी तिचा काही करार नव्हता. फ्रेमाँटला मापनासाठी वाहन हवं होतं, लोंढा नको होता. कुळाचा मूळपुरुष म्हणून त्याला मानायला माझं मन तयार होत नाही.

तैग्रिसवरच्या तराफ्याचं नाव केलेक. त्याची रचना लेयार्डने बारकाईने नोंदवली आहे. जनावर शक्य तितकं कमी चिरून कातडं सोलायचं, कमावायचं, आणि एका तोंडातून फुंकून दोरीने आवळायचं. पॉप्लरचे वासे आणि झाडांच्या फांद्या यांची चौकट करून कातडी तिच्या खाली बांधायची. ती बांधताना प्रत्येक कातड्याचं तोंड वरच्या बाजूला राहील असं बघायचं, कारण वाटेत एखादं सैल पडलं तर तराफेवाल्याला वरूनच परत फुंकता यायला हवं. आजच्या राफ्टचे कप्पे वेगळे का असतात आणि प्रत्येकाची झडप हाताशी का असते, हे शिकवायला याहून चांगला धडा नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मी फार भर देतो. रबरी राफ्टमध्ये लाटेचं पाणी आत साचे आणि बादल्यांनी उपसावं लागे. तळातून पाणी आपोआप निघून जाईल अशी राफ्ट सर्रास दिसू लागली ती १९८० च्या दशकात. केलेकला ही अडचण कधी आलीच नाही. त्याला बाजू नाहीत, तळ म्हणजे फांद्यांची जाळी, पाणी वर आलं तसं खाली गेलं. अमेरिकन कारागीर ज्या सुधारणेवर खूश झाले, ती मोसूलच्या माणसाच्या डोक्यात कधी सुधारणा म्हणून आलीच नसेल.

आणि ऋतू? टॉरस आणि झाग्रोस पर्वतांतला बर्फ मार्चपासून सुटू लागतो, एप्रिलमध्ये तैग्रिस भरात येते, फुरात, म्हणजे युफ्रेटिस, जरा मागून. सप्टेंबर-ऑक्टोबरला दोन्ही नद्या सर्वांत क्षीण. आपल्या नद्यांचं नेमकं उलट, आपल्याकडे एप्रिलमध्ये पात्रात क्रिकेट चालतं. भरल्या पाण्यात केलेक मोसूलहून बगदादला तीन-चार दिवसांत पोचे. पाणी ओसरल्यावर दहा दिवसही लागत, आणि रुतण्याची भीती वेगळी. निमरूदजवळ नदीत एक पुरातन दगडी बांध आहे. त्यावरून पाणी फेसाळत, गर्जत पडे आणि केलेक त्यावरून उतरत असे. लेयार्डने स्वतः ते अनुभवलं आहे. तराफेवाल्यांची समजूत अशी की बांध खुद्द निमरूद या पुराणकथेतल्या राजाने घातला. ज्याला आजचे राफ्टवाले रॅपिड म्हणतील ते हेच.

बगदादला पोचलं की केलेक मरत असे. तिथे लाकूड दुर्मीळ, म्हणून वासे नफ्याने विकले जात. कातडी मात्र विकायची नाहीत. ती धुवायची, डाळिंबाच्या सालींची पूड चोळायची म्हणजे तडकत-कुजत नाहीत, आणि गाढवावर किंवा आपल्याच खांद्यावर टाकून नदीच्या वरच्या अंगाला परतायचं. खाली नदी नेते, वर गाढव. राफ्ट जीपच्या टपावर बांधून शिवपुरीकडे निघालेली ऋषिकेशची पोरं हेच करतात.

इथे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा खटला निघतो. तो म्हणतो की आर्मेनियातून बाबिलोनला ढालीसारख्या गोल, कातडं मढवलेल्या नावा येतात, प्रत्येकीत निदान एक गाढव असतं, बाबिलोनला सांगाडा विकतात आणि कातडी गाढवावर लादून परत जातात, कारण उलट्या प्रवाहात वल्हवणं अशक्य. गोल म्हटल्यावर काही अभ्यासकांनी ती कुफा ठरवली, म्हणजे डांबर फासलेली टोपलीवजा होडी. मला हे पटत नाही. डांबर फासलेली टोपली मोडून विकत नाहीत, आणि तिचं कातडं गाढवावर लादायला ती कातड्याची नसतेच. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की त्याने दोन प्रकारच्या होड्यांची गल्लत केली. मी त्यांच्या बाजूचा आहे, आणि एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो की आकार त्याने डोळ्यांनी पाहिला तो कुफाचा, आणि धंदा कानांनी ऐकला तो केलेकचा. बाबिलोनच्या घाटावर टोपल्या गरगरत असणार. गाढवाची गोष्ट सांगणारा मात्र वरच्या मुलखातून आलेला कुणी तराफेवाला असणार.

नावाकडे वळू. केलेक हा तुर्की उच्चार, म्हणून वस्तूही तुर्कांनी आणली असं कुणाला वाटेल. पण आक्कादी, म्हणजे अश्शूर-बाबिलोनच्या, भाषेत तराफ्याला कलक्कु म्हणत, आणि तुर्क त्या मुलखात यायला अजून हजारांहून अधिक वर्षं होती. अश्शूरी राजा सन्हेरिबच्या काळच्या, इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासच्या, शिल्पपटांत कातड्यांवर तरंगणारे लादलेले तराफे दिसतात. तुर्कांचा दावा इथे संपतो.

याहून चवदार शब्द आपल्या घरातला आहे: मशक. भिस्त्याच्या खांद्यावरची, पखालीची धाकटी बहीण. फारसीत मश्क, त्यामागे अरामी, आणि त्याहीमागे आक्कादी मश्कु, अर्थ साधा, कातडं. संस्कृतातल्या मशकाकडे, म्हणजे डासाकडे, बोट दाखवण्याचा मोह काहींना होईल: रक्त पिऊन टम्म झाला की तोही पिशवीच. पण कातड्याच्या पिशवीला जुन्या संस्कृतात दृति आणि भस्त्रा हे शब्द असताना डासाला कामाला लावायची गरज काय?

मश्का हा शब्द दगडात कोरलेला सापडतो तो इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर. इसवी सनापूर्वी ५२२ मध्ये बाबिलोनचं बंड मोडायला निघालेल्या इराणी सम्राट दारयवहूने आपलं सैन्य मश्कांवर घालून तैग्रिस पार केली. हा लेख वाचून दाखवणारा हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कॅडेट म्हणून मुंबईत उतरलेला, आणि लेयार्डचे तराफे बगदादला येत तेव्हा तिथला कंपनीचा रेसिडेंट. ज्याने दारयवहूच्या मश्का वाचल्या, त्याच्याच दाराशी केलेक लागत होते. असा योग जुळला की माझ्यासारख्याचा तोल जातो, हे कबूल.

तोल सावरायला कौटिल्य पुरेसा आहे. अर्थशास्त्रात सैन्याला पाण्यापार नेण्याच्या साधनांची यादी आहे, तीत भोपळे, वेळू, टोपल्या यांच्याबरोबर दृतीही आहे. म्हणजे फुगवलेलं कातडं आपल्याकडेही होतं. पंजाब-हिमाचलात सतलज आणि बियासवर म्हशीच्या फुगवलेल्या कातड्यावर पालथं पडून हातपाय मारत लोक ये-जा करत. मग भारत मूळपुरुष का नाही? कारण हे सगळं नदी ओलांडणं आहे. ओलांडणाऱ्याला प्रवाह शत्रू, तो पाणी कमी व्हायची वाट पाहतो. केलेकवाला पाणी वाढायची वाट पाहतो. राफ्टिंगचं सगळं मर्म या एका फरकात आहे. हा निकष दारयवहूलाही लावावा लागतो, आणि मग माझा लाडका मश्का शब्दही बाद होतो. त्याने आपल्याला कातडं दिलं, लोंढा दिला नाही.

इंग्रजांनी लोंढ्याचा धडा घेतला तो मुंबईच्या टपालासाठी. लंडन-मुंबई टपाल फुरातमार्गे जाईल का हे पाहायला फ्रान्सिस चेस्नी १८३१ मध्ये फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यावरून ती नदी उतरला. अरबांना संशय येऊ नये म्हणून खोली मोजायची काठी तो तराफ्यातूनच गुपचूप खाली सोडी. जाळीच्या तळाचा असा उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल. पुढे १८३५ ते १८३७ त्याने वाफेच्या बोटी नेल्या, त्यातली तैग्रिस नावाची वादळात बुडाली. कातड्यांचा तराफा तरला होता. चेस्नीकडून हवेच्या बोटीची कल्पना होरेस डेपर्यंत गेली असं म्हणायला मला फार आवडलं असतं. मधले दुवे जुळत नाहीत. डेकडे रबर होतं, आणि रबरवाला माणूस जे दिसेल ते फुगवून पाहतोच.

माझ्या सिद्धान्ताचा खरा प्रतिस्पर्धी अमेरिका नाही, चीन आहे. ह्वांग हो नदीवर लांझोऊ इथे मेंढ्यांच्या फुगवलेल्या कातड्यांचे तराफे होते, आणि मोठ्या तराफ्यांना कातडी लागत सहाशेच्या घरात. माल घेऊन प्रवाहाबरोबर पाओतौपर्यंत जायचं आणि कातडी परत वर आणायची. लेयार्डचा आकडा तिथे भेटल्यावर मी चपापलो. चिनी अभिमानी म्हणतील, हा आमचा स्वतंत्र शोध. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तिकडे कातड्याच्या नावांनी नदी ओलांडल्याची नोंद आहे. पण ते पुन्हा ओलांडणंच, आणि अशुरनासिरपालच्या शिल्पाहून ते नऊशे वर्षांनी धाकटं. मध्ये मध्य आशिया पसरलेला आहे, मेंढपाळांनी गजबजलेला आणि हिमनद्यांनी भरलेला. मेंढी, फुंकणारं तोंड आणि वसंतातली नदी या तीन गोष्टी त्या वाटेने एकत्रच पूर्वेला गेल्या असणार, असं मी बेधडक म्हणतो. ज्याला हे अमान्य असेल त्याने ह्वांग होवर प्रवाहाबरोबर जाणारा, सन्हेरिबहून जुना तराफा दाखवावा.

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करून आलेल्यांना ही बर्फाची भानगड परकी वाटेल. तिथलं पाणी मुळशीच्या धरणातून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि जनित्रं चालली की सुटतं, म्हणजे लोंढा विजेच्या वेळापत्रकावर चालतो. तैग्रिसही आता त्याच मार्गाला लागली आहे. वर तुर्कस्तानात इलिसू धरण झालं, २०२० मध्ये जुनं हसनकेफ त्यात बुडालं, आणि वसंताचं पाणी तिथेच अडतं. एप्रिलमध्ये मोसूलला किती पाणी येईल, याचं उत्तर पूर्वी बर्फ देई. आता ते धरणाच्या दारांवर ठरतं.