स्वादुपिंडातील दुर्मीळ गाठ : नेमके निदान हाच पहिला आधार

मुंबई : स्वादुपिंडात आढळणारी प्रत्येक गाठ एकाच आजाराची नसते. पाचकरसाच्या नलिकांतील पेशींपासून होणारा अॅडेनोकार्सिनोमा हा सर्वाधिक आढळणारा आणि वेगाने पसरणारा प्रकार आहे. संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींपासून उद्भवणारी न्यूरोएंडोक्राइन गाठ मात्र दुर्मीळ असून बहुधा संथ गतीने वाढते. दोहोंचे उपचार वेगळे असल्याने गाठीचा प्रकार निश्चित होणे निर्णायक ठरते.

अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले, तेव्हा या आजाराचे नाव देशभर पोहोचले. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘अॅपल’चे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांच्या स्वादुपिंडातील अशा गाठीचे निदान २००३ मध्ये झाले होते, २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

लक्षणे आणि निदान

काही गाठी अतिरिक्त संप्रेरके स्रवतात. इन्सुलिनोमामध्ये रक्तशर्करा घटून घाम, थरथर, गोंधळ किंवा बेशुद्धी येते. गॅस्ट्रिनोमामध्ये पोटात वारंवार व्रण होतात. इतर गाठी दीर्घकाळ लक्षणे दाखवीत नाहीत. निदानासाठी सीटी स्कॅन, बायोप्सी आणि गॅलियम-६८ पेट स्कॅन उपयोगी पडतात. बायोप्सीतील ‘केआय-६७’ निर्देशांकावरून पेशींच्या वाढीचा वेग कळतो. तो ३ टक्क्यांहून कमी असल्यास गाठ पहिल्या श्रेणीची मानली जाते.

उपचार

गाठ मर्यादित असल्यास शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय आहे. आजार पसरल्यास ऑक्ट्रिओटाइडसारखी इंजेक्शने, लक्ष्यवेधी औषधे किंवा ल्युटेशियम-१७७ वर आधारित किरणोत्सारी उपचार दिले जातात. हे समस्थानिक तुर्भे (ट्रॉम्बे) येथील ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होते. परळमधील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हे उपचार उपलब्ध आहेत.

रुग्णांसाठी आधार

परगावच्या रुग्णांपुढे निवास आणि खर्च हे मोठे प्रश्न असतात. टाटा स्मारक रुग्णालयाचा वैद्यकीय समाजसेवा विभाग त्यासाठी मार्गदर्शन करतो. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती रुग्ण व नातलगांच्या निवासाची सोय करतात. १९५१ मध्ये स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी गरजूंना आर्थिक साहाय्य देते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. उपचार सुरू होण्यापूर्वीच बायोप्सी अहवालाची प्रत आणि आवश्यक कागदपत्रे रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे दाखविणे हिताचे ठरते.