दोन बोटांचं माप

नातीसाठी तयार कापडी लंगोट आणले. एक मांडीला काचे, दुसऱ्यातून ओल झिरपे. आमची दादी जुन्या लुगड्याचे त्रिकोणी लंगोट शिवायची. नाडी पोटाप्रमाणे सैल-घट्ट होई. दोन बोटं आत गेली की माप बरोबर!

अमेरिकेत घडी केलेल्या फडक्याला पिन लावत. वॉल्टर हंट यांनी १८४९ साली सेफ्टी पिनेचं पेटंट घेतलं, तरी ती बाळाला टोचायचीच. १९४६मध्ये मॅरियन डोनोव्हन या आईने न्हाणीघरातला पडदा कापून लंगोटावरचं आवरण शिवलं. पुढे पिनेऐवजी टिचबटणं लावली. कारखानदारांनी तिला परत पाठवलं. बायकांनी असं काही मागितलंच नाही म्हणे! (विचारलं होतं कुणी?) १९५१ साली तिला पेटंट मिळालं आणि हक्क दहा लाख डॉलरला विकले गेले.

नातीसाठी आम्ही शेवटी बायकोची जुनी सुती साडी फाडली.